बिननावाची हाक

७ नोव्हेंबर

आज सकाळी मी तोंडसुद्धा न धुता आधी दार काढलं. बिजागऱ्यांचे खिळे उपसले, फळी आंब्याखाली आडवी टाकली आणि खालच्या कडेला रंधा मारला. बहीण वारल्यापासून ते दार जमिनीला घासत होतं आणि भाची फालेसी त्याला रोज लाथ घालून उघडत होती. दुपारपर्यंत पुन्हा बसवलं. आता एका बोटाने उघडतं, आणि लावलं की दिव्याची रेघसुद्धा बाहेर दिसत नाही. बावीस वर्षं मी परदेशात, जोबर्ग शहरात, एका मोठ्या वसाहतीचं फाटक राखलं. दुसरं काही कळो न कळो, दाराचं मला कळतं. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही.

परवा आलो. घाट उतरून बस खोऱ्यात आली तसा मी स्वेटर काढला, आणि नदीचा वास आला तेव्हा डोळे भरले, त्याचं खापर खिडकीतल्या धुळीवर फोडलं. माझा जन्म पलीकडच्या काठावरचा. लोनेसी, माझी बायको, जोबर्गच्या मातीत राहिली. तिचं आवडतं लाल वस्त्र, मासे छापलेलं, मीच तिच्यावर पांघरलं आणि मग तिथे थांबावंसं वाटेना. आमच्यात भाचीचा खरा पालक मामा. फालेसीचा नवरा उसाच्या मळ्यावर असतो, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. घरात ती आणि तिची तीन महिन्यांची मुलगी, तियांजाने. तियाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू नोकरीला मीच उभा आहे आणि ठेवायचं की नाही ते तिने ठरवायचंय.

संध्याकाळी शेजारची मालिता आजी आली. अंगणाच्या कडेला उभी राहून ओरडली: मी मालिता, आई फुलायी, ओदी! मला हसू आलं. दारात आलेल्याने ओदी म्हणायचं आणि घरातल्याने ओदिनी, म्हणजे या आत, हे मला ठाऊक. पण आधी आपलं नाव, वर आईचंही? फालेसी म्हणाली, पावसाचे दिवस आले की इथे असंच असतं मामा, शिकून घ्या. मी लगेच बाहेर जाऊन ओरडलो: मी लुफेयो, आई नासिबेको, ओदी! तियाला उचकी लागली. आजी म्हणाली, जोबर्गचे साहेब फार लवकर शिकतात.

न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, वाळवलेले मासे, भोपळ्याचा पाला. प्रार्थना करून झोपतो. देवा, घर दिलंस.

१९ नोव्हेंबर

आरोग्य केंद्रात जाऊन आलो. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज आणि सिस्टर एनिफा. हिवतापाच्या अभ्यासासाठी ती गावातल्या मोठ्या माणसांचं रक्त घेते. लहानपणी किती वेळा ताप आला असं तिने विचारलं. मी म्हटलं, मोजायला शाळेत जायला हवं होतं आणि शाळेत जायला ताप उतरायला हवा होता. ती हसली, पण सुई हसतहसतच घातली.

मग तिने समजावलं. रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ताप पहिल्यांदा येतो तेव्हा रक्त त्याला ओळखत नाही. पुन्हा पुन्हा आला की ओळखायला शिकतं, आणि ही प्रतिपिंडं राखणदारासारखी त्याला धरून अडवतात. इथे जन्मून वाढलेल्या माणसाच्या अंगात असे राखणदार दाटीने असतात, म्हणून त्याला ताप येतो तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो. आई ते पोटातल्या बाळालाही देते, पण उसने. काही महिन्यांत ते विरतात. म्हणून पाचव्या महिन्यापासून लस, तीनदा ओळीने, आणि पुढे मूल दोन वर्षांचं होत आलं की चौथी. तियाची पहिली जानेवारीत, तिसरी मार्चमध्ये.

मी म्हटलं, म्हणजे मी तर पक्का, मी याच नदीचा. सिस्टर कुपीवर माझं नाव लिहीत बसली. उत्तर मला मालिता आजीकडून मिळालं, परतताना, तिच्या मडक्यांच्या भट्टीपाशी. म्हणाली, बावीस वर्षं राखणदारांना कामच दिलं नाहीस लुफेयो. ते काय तुझी वाट बघत बसलेत? गेले कधीच घरी!

२ डिसेंबर

दलदलीचं पाणी वाटेपर्यंत आलं आहे. पाणघोड्यांचं घोरणं आता घरात ऐकू येतं.

दिवेलागणीला फालेसी तियाला पाठीशी बांधून नदीवर गेली होती. मी चुलीपाशी होतो. बाहेरून हाक आली, ओदी! बाईचा आवाज, बारीक, थकलेला. मी ओदिनी म्हटलं. असं म्हणायला विचार करावा लागत नाही, शिंकेसारखं ते बाहेर पडतं. शिवाय दारातल्या माणसाला परतवू नये असं मला चर्चमध्ये शिकवलेलं.

दार उघडलं. निळ्या वस्त्रातली बाई, वस्त्रावर पांढरे पक्षी. उंबरठ्यापाशी जरा पुढे झुकून उभी होती, डोकं खाली, टाचा उचललेल्या. वाटलं, चालून पाय दुखले असतील. म्हणाली, चुलीपाशी जरा ऊब घेऊ का. मी म्हटलं, घ्या की, आणि चौरंग आणायला वळलो. चौरंग घेऊन आलो तर कुणी नव्हतं. दार सताड उघडं.

फालेसी आल्यावर सांगितलं. तिने विचारलं, नाव काय सांगितलं तिने? मी आठवू लागलो. तिने डोक्यावरची घागर फार हळू खाली ठेवली.

१५ डिसेंबर

तेराव्या तारखेला ताप भरला. थंडीने दात असे वाजले की तिया टाळ्या वाजवणाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. सिस्टरने बोट टोचून पाहिलं, हिवताप निघाला, गोळ्या दिल्या आणि बजावलं की एकही चुकवायची नाही. आज उठून बसलो आहे. लहानपणी ताप अंगावर काढून मी बकऱ्यांमागे पळायचो. या वेळी मला पाण्याचा पेला उचलवला नाही.

मालिता आजी आली, नाव सांगून. आधी खूप हसली. बावीस वर्षं दुसऱ्याचं फाटक राखलंस आणि आपलं दार उघडून दिलंस! मग हसणं थांबवून तिने सगळं सांगितलं.

तिला गावात नुसतं ती म्हणतात. पाणी चढलं की येते. तिला आई नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून तिला नाव सांगता येत नाही. सगळी रीत त्यासाठीच. जो तिला ओदिनी म्हणतो त्याच्या घरात पाणी उतरेपर्यंत तिला मोकळीक. मोठ्यांचं ती फारसं बिघडवू शकत नाही. त्यांनी तिला इतक्या वेळा पाहिलंय की ते ओळखलं म्हणतात आणि ती मागे फिरते. पण खरोखर ओळखायला लागतं. उगाच म्हटलं तर हसते. तिला न ओळखणारी माणसं हवीत. म्हणजे लहान मुलं. आणि जोबर्गचे साहेब, आजी म्हणाली.

मी विचारलं, मी इथून गेलो तर? ती म्हणाली, परवानगी तुझ्या तोंडाने दिलीस, घराने नाही. जाशील तिथे ती येईल. तिथेही कुणाचं बाळ असेलच.

मग ओळखायला किती दिवस लागतील, असं विचारलं. तिने आंब्यापलीकडच्या छोट्या छोट्या उंचवट्यांकडे बोट केलं. म्हणाली, त्यांना विचार. ती पोरं शिकता शिकता गेली.

फालेसीला मी सांगितलं, तू म्हणशील तर जातो. तिने तियाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. म्हणाली, मामाच पळाला तर मामा कशाला म्हणायचं, काका म्हणू.

रात्री देवापाशी काही मागितलं नाही, सांगितलं. फाटक मी उघडलं आहे. आता तिथे मीच उभा राहणार. पन्नाशीला आलो आहे, पण शिकेन. तियाच्या आधी तिला मला भेटावं लागेल.

२८ डिसेंबर

सिस्टरने रक्ताचा निकाल सांगितला. आजीच्या रक्तात राखणदारांची जत्रा आहे. माझ्यात तुरळक, पेंगलेले. पण पूर्ण गेलेले नाहीत, म्हणाली, जागे केले तर लवकर उठतात. म्हणून काही मुद्दाम मच्छरदाणीबाहेर झोपू नका, असंही म्हणाली. तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. ती याच खोऱ्यातली आहे. आमच्या अंगणात येताना तीसुद्धा आईचं नाव सांगते.

मी विचारलं, एकदा ओळखल्यावर पुन्हा पुन्हा का शिकावं लागतं? ती म्हणाली, रक्तात शिरल्यावर तापाचा जंतू अंगरखे बदलतो. एक ओळखला की दुसरा घालतो. म्हणून मोठ्यांना शिकायला वर्षं लागली. लस दुसरीकडून धरते. डासाच्या सोंडेतून अंगात उतरतो त्या क्षणी त्याच्या अंगावर जे असतं, ते तो सहसा बदलत नाही. लस रक्ताला तेवढंच शिकवते. उंबरठ्यावरच धरा, म्हणते. मात्र दर वेळी धरता येतंच असं नाही, म्हणून मच्छरदाणी सुटत नाही आणि गोळ्याही.

फार पूर्वी मोठ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं काढून तापाने आजारी मुलांना टोचली होती, आणि मुलांच्या रक्तातले जंतू कमी झाले होते. राखण रक्तातच आहे हे तेव्हा कळलं. हे ऐकून मी बाही वर केली. म्हटलं, मग माझं शिकून झालं की घ्या. ती म्हणाली, आता ते इतकं सरळ नाही मामा. पण अभ्यासाला लागेल. घेईन.

९ जानेवारी

निळ्या वस्त्राची वाट बघत दारात बसलो होतो. रोज बसतो. आज संध्याकाळी पिवळ्या वस्त्रातली एक बाई, वस्त्रावर मक्याची कणसं, अंगणातून गेली. वाटलं, मालिता आजीची सून. मी ओळखीची मान हलवली आणि पुन्हा वाटेकडे बघू लागलो. निळं येतं का.

आत गेलो. तिया मच्छरदाणीत होती. जाळीला बाहेरून एक खळगा पडला होता. चेहऱ्याएवढा. तिया त्याच्याकडे बघून हसत होती.

मी जाळीवर झेप घेतली. हात कुणालाच लागला नाही, थंड हवा लागली. खळगा हळूहळू भरून आला, उशीवरून डोकं उचलल्यावर भरतो तसा.

आजीची सून माहेरी गेली आहे. चार दिवसांपूर्वीच.

१४ जानेवारी

तियाला पहिली लस. रडली, मग सिस्टरची कानातली ओढली. परतताना मी वाटभर तिच्याशी बोलत होतो. म्हटलं, बाईसाहेब, तुम्ही उंबरठा शिका, मी अंगरखे शिकतो. फालेसी मागून म्हणाली, मामा, तिला भूक लागलीय, भाषण पुरे.

२२ जानेवारी

पुन्हा ताप. गोळ्या घेतल्या, सगळ्या. या वेळी पेला उचलता आला.

सारखा विचार करतो. मी वस्त्र ओळखत बसलो. बावीस वर्षं फाटकावर असताना मी गाड्या ओळखायचो, माणसं नाही. नवी गाडी घेऊन चोर आला असता तर सलाम ठोकला असता.

बाई, या. घाबरून मी चटई गुंडाळून पळणार नाही. दारात आहे.

१२ फेब्रुवारी

दुसरी लस. केंद्रात आयांची रांग. प्रत्येकीच्या पाठीशी मूल. शेवटची, पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट, चर्चच्या महिला मंडळाचा पोशाख. पाठीशी मूल नाही. रांगेतल्या पोरांच्या टाळूंकडे एकेक करून बघत होती.

मी ओरडलो, ओळखलं!

सगळ्या आया वळल्या. तीही वळली. आणि हसली. मला फक्त संशय होता, ओळख नव्हती, ते तिला कळलं. सिस्टरने माझ्या हाताला धरून मला बाकावर बसवलं. पुन्हा बघितलं तर रांग शेवटून एकाने आखूड होती.

२५ फेब्रुवारी

ताप. हलका. उभा राहून लाकडं फोडली. आजी बघून म्हणाली, उठले वाटतं तुझे राखणदार, जांभया देत का होईना. पहिल्यांदा टोमणा मारून तिने माझा खांदा थोपटला.

काहीतरी डोक्यात घोळतं आहे. निळी बाई. चौरंग आणायला वळलो त्याआधी ती कशी उभी होती —

३ मार्च

पाऊस. पाणी उतरत नाही.

रात्री घराभोवती कुणीतरी फिरतं. चिखलात सकाळी पावलं. बोटं उमटलेली आहेत. टाचा नाहीत.

टाचा नाहीत!

पक्षी, कणसं, ब्लाउज — ते सगळे बदलायचे अंगरखे. उंबरठ्यावर ती एकाच तऱ्हेने उभी राहते. डोकं खाली, टाचा वर. डास भिंतीवर बसतो तशी. सिस्टर म्हणाली होती, शिरताना जे असतं ते बदलत नाही. मी इतके दिवस वस्त्राकडे बघत होतो. आता पायांकडे बघणार.

११ मार्च

तिसरी लस झाली. राखणदार उभे राहायला थोडे दिवस लागतील, सिस्टर म्हणाली. माझं रक्त परत तपासलं. कागद माझ्याकडे फिरवून म्हणाली, मामा, हे चांगलं आहे. अभ्यासासाठी मोठी कुपी भरून घेतली. मी बाही खाली करताना मान ताठ होती.

थोडे दिवस. तेवढेच तिच्याकडेही आहेत.

आज ठरवलं. मी बाहेर बसणार, कंदील आणि वही घेऊन, दाराला पाठ लावून. फालेसीला सांगितलं, आतून अडसर घाल. माझ्या आवाजालाही उघडू नकोस. सकाळी मालिता आजी नाव सांगत येईल तेव्हाच. ती म्हणाली, आणि खरंच तुम्हीच असलात तर? म्हटलं, नाव विचार. आईचं नाव विचार. तिने माझ्या पायांना हात लावला, मग दार लावलं. दिव्याची रेघसुद्धा बाहेर येत नाही. छान बसवलं होतं मी.

दिवेलागण. येते आहे.

लाल वस्त्र. मासे.

लोनेसी —

म्हणाली, लुफेयो, ओदी. तिचाच आवाज, सर्दी झाल्यासारखा, शेवटच्या महिन्यात होता तसा. म्हणाली, थंडी वाजते आहे, आत घे. देवा, माझी जीभ ओदिनीपर्यंत आली होती. मी मान खाली घातली. पाय बघितले.

टाचा वर.

म्हटलं, ओळखलं. तू ती. माझ्या बायकोची टाच जमिनीवर असायची, चालली की भांडी हलायची. ओळखलं. हजार वस्त्रं नेस.

हसली नाही. मागे फिरली. पाण्यात शिरताना मासे तेवढे दिसत राहिले.

जिंकलो. देवा, जिं—

त्यानंतर

थंडी. फार. दात वाजत नाहीत, पण आतून. आत चूल आहे. तियाचं अंग ऊबदार असतं, मानेपाशी. जरा ऊब घेतली तर —

हे मी का लिहिलं? ऊब. हा शब्द माझा नाही.

उठलो होतो. कळलंच नाही कधी. दारापाशी उभा होतो. हात वर. तोंडात ओदी तयार.

पाय बघितले.

माझे.

टाचा —

म्हणजे गेली नाही. शेवटचं वस्त्र मीच. मलाच नेसून उभी आहे.

फालेसी आतून विचारते आहे. कोण आहे, नाव सांगा. आईचं नाव सांगा. आवाज रडका. उत्तर देत नाही. जीभ दातांखाली धरली आहे. देवा, पाय खाली ठेव.

ओळखलं, बाई. माझ्यातही ओळखलं. हे दार तुला माझ्या हाताने मिळणार नाही.

कमरेची दोरी काढून आंब्याला बांधून घेतलं. गाठ समोर मारून खोडामागे सरकवली, आता हात पोचत नाही. उजवा हात लिहायला मोकळा.

पहाट

उजाडतं आहे. हाक दिली नाही. हे नीट अक्षरात लिहून ठेवतो. रात्रभर हाक दिली नाही. दार बंद आहे. आत तिया रडली, भुकेने, जोरात. किती चांगलं रडते.

मालिता आजी वाटेने येते आहे. लांबूनच सांगते आहे, मी मालिता, आई फुलायी. मला बघून थांबली. जवळ येत नाही. विचारते आहे, आंब्याखाली कोण आहे? कोण आहेस रे तू? नाव सांग.

मी लुफेयो.

आई —

वहीची पानं मागे उलटली तर सापडेल, पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. नाही उलटणार. वाचून तर तीही सांगेल. आतून आलं पाहिजे. रक्ताला आठवलं पाहिजे.

आजी थांबली आहे. जात नाही. थांब आजी.

टाच दाबतो आहे. माती गार लागते आहे. टाचेला लागते आहे, टाचेला —

मी लुफेयो. आई नासिबे—